व्याह्यांच्या दारात बिनहॉर्नची गाडी

आता स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने सांगायची म्हणजे जिवावर येतं हो. पण लेले सांगत फिरतोय, त्यापेक्षा मी सांगितलेली बरी. लेले म्हणजे आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा सेक्रेटरी. त्या माणसाला लिफ्ट बंद आहे एवढं वाक्यसुद्धा धड सांगता येत नाही, तो माझी फजिती काय सांगणार! तेव्हा चहा घ्या, आणि मधे बोलू नका.

तर आमच्या निनादचा साखरपुडा होता. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, ऋतुजा. पोरगी गुणाची, त्याबद्दल प्रश्नच नाही. प्रश्न एकच, तो म्हणजे वाघोली! तिचे वडील भाऊसाहेब वाघोलीचे जुने जमीनवाले. आता कोथरूडच्या माणसाला विचारा, वाघोली पुण्यात येते का? तो आधी चष्मा पुसेल.

आणि हे भाऊसाहेब पहिल्यांदा आमच्याकडे बैठकीला आले ते कधी? सकाळी अकराची वेळ दिलेली, आले दुपारी दीडला! दीडला! पुण्यात दीड वाजता कोणी कोणाकडे जातं का? मी जेवून आडवा व्हायच्या बेतात होतो. मग मीही सुनावलं. म्हटलं, "भाऊसाहेब, आमच्याकडे अकरा म्हणजे अकरा. साखरपुड्याला बघा, अकराच्या ठोक्याला तुमच्या दारात उभा राहतो की नाही!"

भाऊसाहेब गालात हसले. म्हणाले, "बरं बरं. बघू की."

त्या 'बघू की'ने मला किती दिवस झोप लागली नव्हती, ते सुनीताला विचारा. सुनीता म्हणजे आमची ही.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या डोक्यात आलं की शुभकार्याला जायचंय, तर डॅशबोर्डवरच्या गणपतीमागे एक छोटा दिवा लावावा. गेलो बुधवार पेठेत. दुकानदाराने दिवा, वायर आणि बटण समोर टाकलं आणि विचारलं, "लावणार कोण?"

"मीच."

"मग बदलून मिळणार नाही."

बघा, काय ही भाषा! मी घरी आलो, स्टिअरिंगखालचं फ्यूजचं खोकं उघडलं, हाताला लागेल तो फ्यूज उपटला, त्याच्या एका पायाला वायर गुंडाळली आणि परत दाबून बसवला. चावी फिरवून बटण दाबलं. दिवा एकदा लुकलुकला आणि मेला. म्हटलं, फसवलं लेकाच्याने, खोटा माल दिला! दोन शिव्या दिल्या, बटण बंद केलं आणि वर जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे नातेवाईक मिनीबसने पुढे गेले. अंगठी, साडी, नारळ आणि खुद्द नवरदेव आमच्या गाडीत. म्हणजे आम्ही पोचल्याशिवाय तिथे पान हलणार नाही, अशी व्यवस्था. मी ऐटीत चावी फिरवली. खर्र, खर्र, खर्र. स्टार्टर फिरतोय, पण गाडी काही चालू होत नाही!

झालं. पार्किंगमध्ये गाडी अडली की आपल्याकडे जो तो इंजिनियर होतो. लेले तर दात घासता घासता खाली आला.

"बॅटरी गेली," लेले.

"बॅटरी गेली असती तर स्टार्टर तुमच्या तीर्थरूपांनी फिरवला असता का?"

"मग पेट्रोल बघितलंत का?"

तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे विचारायचं असतं?

मागच्या सीटवरून सुनीता म्हणाली, "अहो, रोज चावी फिरवली की माझ्या सीटखालून घूं असा आवाज येतो. तो आज आला नाही."

"तुला काय काय आवाज येतात गं! इथे काय चाललंय आणि तू..."

आणि बोलता बोलता माझी ट्यूब पेटली. घूं म्हणजे पेट्रोलचा पंप! टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो तो. त्याचा आवाज नाही म्हणजे पंपाला करंट नाही. करंट नाही म्हणजे फ्यूज उडाला! मी खाली उतरून लेलेला बोट दाखवून म्हणालो, "फ्यूल पंपाचा फ्यूज. निदान म्हणतात याला. आवाजावरून ओळखलं."

"कोणाच्या?" सुनीताने विचारलं. मी लक्ष दिलं नाही.

खोक्याच्या झाकणावर चित्र असतं, कुठला फ्यूज कशाचा ते. ते बघून पंपाचा फ्यूज उपटला. निळा, पंधरा नंबरचा. उजेडात धरला तर आतली तार तुटून काळी पडलेली. आणि त्याच फ्यूजच्या पायाला माझी कालची वायर!

लेलेची नजर म्हणजे घारीची. "ही वायर कसली हो?"

"फॅक्टरी फिटिंग आहे," मी म्हणालो.

अहो, हसताय काय? लेलेसमोर कबूल करायचं? आणि खरं सांगू का, मला मनापासून वाटत होतं की एवढ्याशा दिव्याने कुठे फ्यूज उडतो! उंदीर असणार. तळमजल्यावरच्या कुलकर्णीबाई कबुतरांना दाणे टाकतात, त्यावर उंदीर येतात, आणि उंदीर वायरी कुरतडतात. मी तिथल्या तिथे बाईंना बोलावून घेतलं आणि सगळ्या पार्किंगसमोर चांगलं दहा मिनिटं झापलं. बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पण मी मागच्या महिन्यापासून दाणे टाकतच नाही हो." म्हटलं, उंदरांना कोणी कळवलंय का?

मागे निनाद कपाळाला हात लावून बसला होता. "बाबा, प्लीज. मी कॅब बोलावतो. इट्स गेटिंग लेट."

"मुलाकडची माणसं भाड्याच्या गाडीतून उतरणार? तुझ्या सासऱ्यासमोर? बस गप."

आता नवा फ्यूज हवा. लेलेच्या स्कूटरवर मागे बसून कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे गेलो. शटर अर्धं वर, आत मालक देवाला उदबत्ती ओवाळतोय.

"एक पंधराचा फ्यूज द्या हो."

"दुकान दहाला उघडतं."

"अहो, उघडलंय की!"

"शटर उघडलंय. दुकान नाही."

"समोर डबा दिसतोय फ्यूजचा! माझ्या मुलाचा साखरपुडा आहे!"

"अभिनंदन. दहाला या." असं म्हणून त्याने उदबत्ती देवापुढे खोचली आणि शटर खाली ओढलं.

लेले तोंड फिरवून हसत होता. वेळेच्या बाबतीत हा माणूस माझ्याच पंथाचा निघाला! एरवी मी त्याचं कौतुक केलं असतं. त्या क्षणी मला त्याची उदबत्ती त्याच्याच... जाऊ दे.

परत आलो. खोक्यात बघतो तर दुसरा एक निळा फ्यूज, पंधराचाच. झाकणावर चित्र कर्ण्याचं. हॉर्न! म्हटलं, वा! हा काढायचा, पंपाला लावायचा. हॉर्नवाचून काय अडतंय?

"अहो, हॉर्नचा काढताय?" सुनीता घाबरली. "नगर रोडने जायचंय आपल्याला!"

"हॉर्न अडाणी लोकांना लागतो," मी म्हणालो. आणि हे वाक्य मी हळू म्हणालो नाही. लेले, कुलकर्णीबाई, वॉचमन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "ज्याला गाडी चालवता येते त्याला हॉर्न मारावा लागत नाही."

हॉर्नचा फ्यूज काढला, आपली वायर परत त्याच्या पायाला गुंडाळली, का तर फॅक्टरी फिटिंग ना! लेले बघत होता! आणि पंपाच्या जागी बसवला. चावी फिरवली. सीटखालून घूं! गाडी चालू! मी लेलेकडे असं बघितलं की त्याच्या हातातली स्कूटरची किल्लीच पडली.

पुढचा प्रवास काय वर्णावा! हॉर्न नसलेली गाडी घेऊन पुण्यात फिरणं म्हणजे काय, ते तुम्ही एकदा करून बघाच. उलट्या दिशेने येणारे स्कूटरवाले, मधेच थांबून फोनवर बोलणारे, बसच्या पोटाखालून निघणारे! येरवड्यापासून मी खिडकीतून अर्धा बाहेर आणि तोंडाने "ओ! ओ काका! सरका!" खराडीपर्यंत घसा बसला. एका मुलीने तर मला सांगितलं, "अंकल, हॉर्न द्या ना, ओरडताय काय?" मी तिला सुसंस्कृतपणावर दोन शब्द ऐकवणार होतो, पण आवाज फुटेना.

तरी वाघोलीत पोचलो. अकराला बारा-पंधरा मिनिटं बाकी, कार्यालय पुढच्या वळणावर. माझी छाती अशी फुगली!

सुनीता म्हणाली, "देवाच्या कृपेने आलो बाई वेळेत. आता तरी बाप्पाचा दिवा लावा. त्यासाठीच आणलात ना?"

"तो दिवा खोटा आहे. पेटत नाही."

"लावून तर बघा."

"अगं, पेटत नाही म्हणतोय ना! हे बघ!" आणि माझंच खरं करायला मी बटण दाबलं.

दिवा लुकलुकला. मेला. आणि त्याच्या मागोमाग गाडीही मेली. भर नगर रोडवर, अकराला दहा कमी असताना.

त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं. कालचा लुकलुक म्हणजे फ्यूजचाच जीव गेला होता. दिव्याचं ते बटणच शॉर्ट होतं, आणि फ्यूज का उडाला ते न शोधता मी दुसरा बळी दिला होता. उंदीर नाही, कबुतरं नाहीत. बिचाऱ्या कुलकर्णीबाई! आता तिसरा निळा फ्यूज आणायचा कुठून?

मी काही बोलायच्या आत निनादने सासऱ्याला फोन लावलासुद्धा. आणि पाचव्या मिनिटाला काय आलं असेल? ट्रॅक्टर! त्यावर स्वतः भाऊसाहेब, डोक्याला भगवा फेटा, अंगात पांढराशुभ्र सदरा.

"राम राम पाव्हणं! काय झालं?"

"काही नाही, जरा फ्यूज," मी बसक्या आवाजात म्हणालो.

"हात्तिच्या! वढून नेतो की." त्यांनी पटापटा दोर बांधला आणि माझ्या खिडकीशी आले. "फकस्त एक करा. टॅक्टरचा आवाज लई हाय, वरडलेलं मला ऐकू येत न्हाई. दारात बाया ओवाळायला हुभ्या हायत. तिथं पोचलं की हॉर्न मारा, म्या थांबतो. मानानं उतरा."

सांगा, आता मी काय करायला हवं होतं? सरळ सांगायचं, भाऊसाहेब, हॉर्न बंद आहे. एवढंच ना? पण ज्या माणसाला मी वेळ शिकवली, त्याच्यासमोर गाडीही बंद आणि हॉर्नही बंद, असं म्हणू? मागून सुनीता मला ढोसत होती. मी म्हणालो, "हो हो. मारतो."

निघाली वरात. उघड्या लॉनवरच्या कार्यालयाचं दार आलं. दोन्ही बाजूंना बायका, हातात आरतीची ताटं, समोर हातभर रांगोळी. मी सवयीने हॉर्नवर हात मारला. काही नाही! ब्रेकवर उभा राहिलो. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो हो! आणि पुढे ट्रॅक्टर! "भाऊसाहेब! थांबा!" माझ्या घशातून नुसती हवा बाहेर आली.

बायका ताटं घेऊन बाजूला पळाल्या. गाडी रांगोळीवरून गेली, लाल गालिच्यावरून गेली, खुर्च्यांच्या रांगांमधून गेली. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, मुलाकडच्यांची ही खास एंट्री! त्यांनी जोरात सुरू केलं. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, मोबाईल वर झाले. निनाद सीटखाली शिरला. मी मात्र शेवटपर्यंत हॉर्न दाबत होतो, का ते विचारू नका.

स्टेजच्या पायरीपाशी भाऊसाहेबांनी मागे वळून बघितलं तेव्हा कुठे ट्रॅक्टर थांबला.

"आवं पाव्हणं! हॉर्न का न्हाई मारला?"

मी तोंड उघडलं. पण त्याआधी सुनीता उतरली, पदर सारखा केला आणि आमच्या पेठी आवाजात म्हणाली, "आमच्याकडे नाही मारत हो. हॉर्न अडाणी लोकांना लागतो."

भाऊसाहेब असे हसले की फेटा सुटला. हसता हसता मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. बरोबर अकरा!

"टायमाला आणलं का न्हाई?"

साखरपुडा उत्तम झाला. पोरं सुखात आहेत. घरी आल्यावर मी कुलकर्णीबाईंकडे पेढे घेऊन गेलो, त्यांनी दार उघडून पेढे घेतले आणि दार लावलं. त्या गणपतीमागचा दिवा मी स्वतः उपटून टाकला, आणि लेले अजून भेटला की विचारतो, "फॅक्टरी फिटिंग काढलं का हो?"

परवा लग्नाचं ठरवायला भाऊसाहेबांचा सुनीताला फोन होता. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला. "ताई, लग्नाला पाव्हणं गाडी घिऊन येत्यात, का म्या टॅक्टर धाडू?"

मी हातवारे करत होतो, गाडी म्हण, गाडी! सुनीताने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ट्रॅक्टरच पाठवा," ती म्हणाली. "आणि यांना त्यावर पुढे बसवा, भाऊसाहेब. हॉर्न मारायची प्रॅक्टिस होईल."