ऑनर्सला चालतंय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्या मागे स्कूटरवर बसून रोज कॉलेजला जातो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे नंतर रोज त्याचं तोंड बघावं लागतं.

जूनपासून मला एका जागी बसवत नाही. वर्गात शिकवता शिकवता खिडकीपाशी जातो, तिथून दाराशी, परत फळ्याकडे. परवा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आज कमी दाबाचा पट्टा कुठं सरकून राह्यला?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. भूगोलाच्या मास्तरला असले विनोद सोसावेच लागतात. पण बसलो नाहीच.

आधी जरा कॉलेजचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. — की मी लांबण लावतोय? लावतही असेन.

जालन्यातल्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि आपल्या पेपरला, म्हणजे विषयाला, पोरं आली नाहीत तर तासच नाहीत. इतकी वर्षं झाली, पण प्रत्येक जूनमध्ये माझी नोकरी नव्यानं लागते. त्यात चार वर्षांची ऑनर्स पदवी आली. मेजर, मायनर, क्रेडिट, इलेक्टिव्ह, कोअर — पोरांना काही कळेना, आणि खरं बोलायचं तर आम्हालाही कळेना. वडीगोद्रीहून, शहागडहून एसटीनं येणारी पोरं परिपत्रक वाचत नाहीत. ती सरांना विचारतात. सर म्हणाले की झालं. आणि सर काय करतात? प्रवेशाच्या आठवड्यात आम्ही सगळे व्हरांड्यात उभे असतो आणि स्टँडवरचे टेंपोवाले जसे "अंबड, अंबड" ओरडून माणसं भरतात, तशी आपापल्या पेपरला पोरं भरतो. ह्याला आमच्यात कुणी वाईट म्हणत नाही. पोट सगळ्यांनाच आहे.

तिसऱ्या वर्षाला भूगोलात दोन पेपर होते, दोन्हींपैकी एक घ्यायचा. 'सांख्यिकी तंत्रे' विभागप्रमुख मॅडम शिकवायच्या, 'पर्यटन भूगोल' माझा. तीन वर्षांत पदवी घेऊन जाणाऱ्यानं कोणताही घ्यावा. पण ज्याला चौथ्या वर्षाला, ऑनर्सला जायचं आहे, त्याला सांख्यिकी सक्तीची. तो कोअर. तो नसेल तर चौथ्या वर्षाचं दार बंद. आणि आमच्या कॉलेजचा आणखी एक नियम: पंधरा पोरं नसली तर पेपर चालत नाही. माझ्याकडे एक कमी पडत होतं.

आता शीतल.

वडीगोद्रीची पोरगी. वडिलांचं हायवेला टायरचं दुकान, मागे थोडी शेती. दुसऱ्या वर्षाला आम्ही पोरांना शहागडला गोदावरीवर नेलं होतं. बाकीची पोरं पुलावर फोटो काढत होती आणि ही काठच्या शेतातल्या विहिरींमध्ये दोरी सोडून पाणी मोजत फिरत होती. वाळू उपसली की विहिरीचं पाणी किती खाली जातं, हे तिला शोधायचं होतं. येताना एसटीत माझ्या शेजारी बसून तेच बोलत राहिली. मला झोप येत होती. तरी माझ्या मनात आलं की असा विद्यार्थी आपल्या नशिबी एखादाच येतो.

एम.ए.ला बाहेरगावी वसतिगृहात ठेवायला तिचे वडील तयार नव्हते. बिलकुल नाही. पण ऑनर्सचं चौथं वर्ष जालन्यातच, त्याच एसटीनं जाऊन-येऊन, तेवढं त्यांनी कबूल केलं होतं. तिला नदीवर काम करायला मिळण्याची तेवढी एकच वाट होती. हे मला तिनंच सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं — हे लक्षात असू द्या.

तर, व्हरांडा. शीतल आली. "सर, पर्यटन घेतलं तर ऑनर्सला चालतंय का?"

मी म्हणालो, "चालतंय की."

झालं. एवढंच बोललो मी. तिनं मान डोलावली, "बराबर" म्हणाली आणि माझ्या पेपरला नाव टाकून गेली. माझा पेपर चालू राहिला. विहिरी मोजणारी पोरगी वर्षभर माझ्या वर्गात हॉटेलांचे प्रकार आणि लोणारला जायचे रस्ते पाठ करत बसली. पहिली आली त्यात. येणारच होती.

मला नियम नीट माहीत नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. मित्राला सांगितलं असतं तर असंच सांगितलं असतं. पण ते खोटं आहे. मॅडमनी बैठकीत तो नियम मोठ्यानं वाचला होता. मी मागच्या खुर्चीत चहात बिस्किट बुडवत होतो. तोंड चालू होतं, पण कान काही बंद नव्हते. ऐकलं होतं मी. मग मनात काय होतं? पुढं बघू, असं होतं. ऐनवेळी काहीतरी सवलत निघेल, आपल्याकडे काय निघत नाही? आपल्यावर आलं की दुसऱ्याचं पुढं बघू. ही माझी जुनी खोड आहे.

हेच सांगायचं होतं का मला? नाही. इथवर आलोय आणि अजूनही पाऊल मागे घ्यावंसं वाटतंय.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला. शीतल चौथ्या वर्षाचा प्रवेश घ्यायला आली तेव्हा ऑफिसनं सांगितलं, कोअर पूर्ण नाही, प्रवेश मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे बसलो — प्राचार्य, मॅडम, शीतल, तिचे वडील आणि मी. प्राचार्य माणूस सरळ. त्यांनी आधीच स्पष्ट केलं: चूक कॉलेजची असेल, कुणी चुकीचं सांगितलं असेल, तर विशेष बाब म्हणून चौथ्या वर्षासोबत हा पेपर देता येतो, मी आजच सही करतो. पण विद्यार्थिनीनं स्वतःच्या मनानं विषय निवडला असेल तर माझ्या हातात काही नाही. मग त्यांनी विचारलं, "हा पेपर घे म्हणून हिला कुणी सांगितलं?"

शीतलनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तक्रारही नव्हती. वर्गात मी वाक्य अर्धं सोडून डस्टर शोधायला लागलो की ती जशी थांबून राहायची, तशी ती थांबली होती. सर आता बोलतील.

एका वाक्याचं काम होतं. 'माझ्याकडून चुकून सांगितलं गेलं', एवढं म्हणायचं होतं. पुरतं खरं सांगायचीही गरज नव्हती, चूक म्हणून भागलं असतं. काय झालं असतं माझं? प्राचार्य रागावले असते. पुढच्या जूनमध्ये कदाचित माझे तास गेले असते. कदाचित नसतेही गेले.

मी म्हणालो, "मी हिला सांगितलं होतं सर, ऑनर्स करायचं असेल तर सांख्यिकी घे म्हणून. पण मुलं ऐकतात कुठं?"

हे आहे ते. हेच सांगायचं होतं. गप्प बसलो असतो तर निदान भित्रा म्हणून सुटलो असतो. मी गप्प बसलो नाही. मी माझं खापर तिच्या डोक्यावर फोडलं, आणि वर काळजीचा सूर लावला.

तिचे वडील तिच्याकडे वळले. "सर सांगत व्हते अन् तू ऐकलं न्हाई?"

शीतल थोडा वेळ टेबलावरच्या काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं."

का म्हणाली ती असं? तिला खरंच वाटलं का, की आपणच ऐकण्यात चूक केली? सर खोटं कशाला बोलतील, असं? मी हाच अर्थ धरून बसलो. तो मला सोयीचा होता. तिला काही कळलं नाही, म्हणजे तिच्या मनात माझ्याबद्दल काही नाही — असा हिशोब लावून मी झोपत होतो. हो, झोप लागायची मला. ह्याची लाज वाटते.

ती तीन वर्षांची पदवी घेऊन गेली. आता एमआयडीसीत बियाण्याच्या एका कंपनीत आहे. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, किती उगवले ते मोजायचं. मला अधूनमधून दिसते, कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी. "नमस्कार सर" म्हणते. हल्ली मी मित्राला दुसऱ्या रस्त्यानं स्कूटर घ्यायला लावतो. खड्डे कमी आहेत म्हणून सांगितलंय त्याला.

आणि माझं काय झालं ते ऐका. त्या प्रकरणानंतर प्राचार्यांनी ठरवलं की पोरांना विषय निवडताना सांगायला कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. कोण? तर ज्यानं त्या मुलीला वेळेवर सांगितलं होतं तो. मला व्हरांड्याच्या टोकाला खोली मिळाली. दारावर पाटी लागली — विद्यार्थी मार्गदर्शन. त्याचे वेगळे तास धरले जातात. बायकोनं त्या दिवशी शिरा केला होता. मी दोनदा घेतला.

ह्या जूनमध्ये त्या खोलीत शीतलचे वडील आले. सोबत धाकटी मुलगी, तिलाही भूगोलच घ्यायचा होता. ते हात जोडून म्हणाले, "सर, हिचे विषय तुमीच लावून द्या. थोरलीनं तुमचं ऐकलं न्हाई, आता बसली दाणे मोजत. ही ऐकल. तुमी म्हनताल ते."

मी खुर्ची पुढे ओढली. ह्या वेळी बरोबर सांगायचं, एकही चूक करायची नाही, असं मनात म्हणत मी पोरीला सगळं समजावलं. कोणता कोअर, कोणता सोडला तर चालतो, चौथ्या वर्षाला काय लागतं. जीव ओतून सांगितलं. स्वतःवर जरा खूशही झालो, खोटं कशाला बोलू.

ती खाली मान घालून ऐकत होती. माझं संपलं तसं तिनं हळूच विचारलं, "सर, हे जिथं छापलंय तिथलं वाचून दाखवता का? ताईनं सांगितलंय — सरांचं तोंडी धरून चालू नको म्हणून."

म्हणजे शीतलला कळलं होतं. त्या केबिनमध्ये, काचेकडे बघत असतानाच कळलं होतं. सगळं कळून ती 'चुकलं माझं' म्हणाली होती. आणि रस्त्यात मला नमस्कार करत होती.

वडील धाकटीवर खेकसले, "सरांना असं बोलतेत का? माफी माग आधी!"

पोरीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "सॉरी सर."

खोलीत आम्ही तिघंच होतो. दार लोटलेलं होतं. प्राचार्य नव्हते, मॅडम नव्हत्या, माझे तास कुणी काढून घेणार नव्हतं.

मी म्हणालो, "असू द्या हो. लहान आहे." आणि तिला माफ केलं.