आत्याचा गुडघा आणि माझी जाळी

मी पुण्याला संशोधन करत होते, दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सुटीत जवळा बाजारला घरी आले की आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला, तिथं तू नेमकं काय करून राहिली? आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती आठवडी बाजारात मिरची विकायची. वर्षानुवर्षं मांडी घालून बसून तिचे गुडघे पार गेले होते.

एका उन्हाळ्यात मी तिला नीट समजावून सांगितलं. गुडघ्याच्या हाडांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. ती झिजली की सहसा भरून येत नाही. हाडांच्या मगजात मात्र काही मूळच्या पेशी असतात, ज्यांचं हाडही होतं, चरबीही होते, कूर्चाही होते. आम्ही केसाहून कितीतरी बारीक धाग्यांची जाळी बनवतो, त्यावर या पेशी सोडतो आणि त्यांना कूर्चेच्या वाटेला लावायला बघतो. आत्या मान डोलावत ऐकत होती. मला वाटलं, समजलं तिला.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर चार-पाच बायका येऊन टेकल्या. शेजारचे कापडवाले चाचाही गुडघा चोळत बसलेले. मिरची तोलता तोलता आत्यानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आमची पोरगी मापाप्रमाणे गादी बनवून देते.

मला घाम फुटला. मी खरं तेच सांगितलं, की हे सगळं अजून काचेच्या बशीत आहे, आणि गेल्या महिन्यात बुरशी लागून सगळ्या पेशी फेकून द्याव्या लागल्या.

"म्हणजे माल अजून तयार न्हाई," चाचा म्हणाले.

बायका हसायला लागल्या, मग मीही. आईनं चहा टाकला. आत्या जराही ओशाळली नाही. उलट, बुरशी काहून लागली म्हणून मलाच रागावली.

पुण्याला परतल्यावर मी धागा आणखी बारीक केला. आधीच्या जाडसर जाळीवर पेशी पसरट पडून राहायच्या. या जाळीत त्या कूर्चेच्या पेशींसारख्या गोल झाल्या. कूर्चा धरू लागली की तपासणीसाठी घातलेला जो रंग चढतो, तो गडद निळा रंग एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. मी दोनदा डोळे पुसले आणि घरी फोन लावला.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. माणसाच्या गुडघ्यापर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं लागतील, हेही मी सांगितलं.

"लागू दे की," ती म्हणाली. "मी कुठं पळून राहिले?"