वातींचा कापूस आणि गाड्यांची शर्यत

वाती वळायला कापूस हातात घेतला की मला हटकून गाड्यांची शर्यत आठवते! नातीने महिनाभर हट्ट धरला, म्हणून माझा लेक आम्हा दोघींना मयूर विहारहून नोएडाच्या पुढच्या ट्रॅकवर घेऊन गेला होता. थंडीतलं कोवळं ऊन, हवेत पेट्रोलचा आणि जळक्या रबराचा वास. पहिली गाडी समोरून गेली मात्र, त्या आवाजाने पोरीने कान झाकले आणि भोकाडच पसरलं, "आजी, घरी चलो!" लेक हिरमुसून उठलाच. म्हटलं, थांब रे जरा. मेट्रोत बसल्या बसल्या वाती वळायची मला सवय, त्यामुळे पर्समध्ये कापूस असायचाच. दोन बोळे करून तिच्या कानांत घातले. पुढची गाडी आली तशी ती दचकली, मग हसली आणि बाकावर चढून ओरडायला लागली, "लाल वाली, भाग!" मागून एक काका म्हणाले, "माताजी, थोडी रुई हमें भी देना." बघता बघता देवाचा कापूस अख्ख्या रांगेच्या कानांत गेला आणि संध्याकाळी देवाला उदबत्तीवर भागवावं लागलं. आता नात स्वतः गाडी चालवते. मी शेजारी बसले की चावी फिरवण्याआधी विचारते, "आजी, कापूस घेतलास ना?"