वायर न लावता सात दिवस

माझ्या मुलाला वाटतं, साठी ओलांडलेल्या बाईने टीव्हीसमोर बसून मटार सोलावेत. मी नाही सोलत. स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल शॉपमधून रिटायर झाले, क्वार्टर सोडून कुरुदला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि एक जुनी मिनीबस आणून अंगणात उभी केली. सीटा काढून पलंग, शेगडी, छोटा फ्रिज बसवला. छतावर सोलर प्लेट, पलंगाखाली दोन बॅटऱ्या. जिथे विजेचा खांब नाही तिथे जाऊन राहायचं, एवढीच माझी हौस. फ्रिज मात्र हौसेचा नव्हता, त्यात माझं इन्सुलिन असतं.

त्या बॅटऱ्या मीच मारल्या, हे आधीच कबूल करते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने नागपूरला बहिणीकडे जायचं होतं. मशीन सोडायची तर शटडाउन घ्यायचं, येणारी लाइन तोडायची, ही प्लांटची सवय हाडात मुरलेली. मी सोलर प्लेटचा स्विच पाडला, त्यावर ‘चालू करू नये’ अशी पाटीसुद्धा लटकवली. प्लांटमध्ये येणारी लाइन तोडली की पुढचं सगळं बंद पडतं. इथे मधे बॅटऱ्या होत्या, आणि चालूच राहिलेला रिकामा फ्रिज त्यांना पार शोषून बसला. इतकी वर्षं शिकाऊ पोरांना शिकवलेली अक्कल त्या दिवशी कुठे गेली होती, कोण जाणे.

परत आले तेव्हा पावसाळा लागला होता. सुपेल्याच्या बॅटरीवाल्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, “मॅडम, ये तो गई.” रायपूरहून आलेल्या मुलाला तेच हवं होतं.

“आई, वीक ती गाडी. जंगलात फ्रिज बंद पडला त इन्सुलिनचं काय करशील?”

“मी चालू करून दाखवते.”

“दाखव मंग. सात दिवस घराची वायर न लावता गाडीत राहा. नाही जमलं त गाडी विकायची.”

मी हो म्हटलं. रागाने म्हटलं, पण म्हटलं.

बॅटऱ्यांचे टर्मिनल गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने घासले. आतल्या प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर टाकलं, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं. मग घरच्या विजेवर अगदी हळू, तीन दिवस चार्जिंग. दर काही तासांनी हायड्रोमीटरने एकेका सेलमधल्या ॲसिडची घनता तपासत होते. एक बॅटरी जागी झाली. दुसरीचा एक सेल उठेचना, म्हणून ती काढून टाकली. मेलेली बॅटरी जोडून ठेवली तर ती चांगलीलाही ओढून नेते.

एका बॅटरीवर मी गाडीत राहायला गेले. तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी आभाळ असं भरून आलं की प्लेट छतावर असून नसल्यासारखी. व्होल्टमीटर उतरायला लागला. मी घाबरले, खरंच घाबरले. पण वायर लावायला उठले नाही. पंखा बंद केला, दिवा बंद केला, फोनचं चार्जिंग काढलं. जेवढी वीज होती तेवढी फ्रिजला.

पाचव्या दिवशी दुपारी मुलगा स्कूटीवर आला, वाटेतल्या कुम्हारीपासून पावसात भिजत. गाडीचं दार त्याने जवळजवळ उपटलंच.

“फोन कावून बंद आहे तुझा? मले वाटलं तू...”

त्याचे बाबा गेले तेव्हा त्यांचाही फोन असाच लागत नव्हता. मी त्याला टॉवेल दिला आणि फ्रिज उघडून इन्सुलिनची बाटली त्याच्या हातात ठेवली. गार होती. त्याने ती मुठीत धरली, मग परत ठेवली.

तरी तो खाली उतरला, घराच्या ओट्यावरून वायर घेऊन आला. “बस झालं, आई. लावतो.”

“दोन दिवस बाकी आहेत.”

“मले भेव वाटते.”

“मलेही वाटते. म्हणून का घरात बसून राहू?”

मी त्याच्या हातातली वायर घेतली, नीट गुंडाळली आणि त्याच्याच स्कूटीच्या डिक्कीत टाकली.

“रायपूरला घेऊन जाय,” म्हटलं. “मले नाही लागत आता.”