ॲडजस्ट म्हणजे किती बोटं

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्याही चुका असतील, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाला दाखवायला लिहीत नाहीये, पण वाचलंच कोणी तर कळावं म्हणून नीट सांगते.

सिंथियाच्या गाऊनची चेन पाठीच्या मध्यावर अडकली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं लग्न. ती आरशासमोर पोट आत ओढून उभी, तिची आई दोन्ही बाजूंनी कापड खेचतेय आणि आमची मालकीण ग्रेसीबाय लांबूनच म्हणतेय, "थोडं ॲडजस्ट होईल गो, घाबरू नको."

मी पापडी गावात ग्रेसीबायच्या शिवणाच्या दुकानात कामाला आहे. राहते विरारला, मनवेलपाड्यात. इंग्रजी मला येत नाही, पण हा एक शब्द पाठ आहे. रिक्षावाला चौथं माणूस कोंबताना म्हणतो, ॲडजस्ट करा. म्हणजे सरका. चाळीत पाणी कमी आलं की शेजारीण म्हणते, ॲडजस्ट कर. म्हणजे तुझी बादली मागे घे. माझं लग्न झालं तेव्हा आईने सांगितलं होतं, जरा ॲडजस्ट कर हां. म्हणजे उलट बोलू नकोस. दर वेळी अर्थ वेगळा, पण सांगणारा कधी जागचा हलत नाही. शिवणकामात तसं चालत नाही. तिथे कापडाला सांगावं लागतं, आणि कापड आत शिल्लक असेल तरच ऐकतं.

हे झालं कसं ते सांगते. इथले ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवासकाळ पाळतात. कोणी मटण सोडतं, कोणी गोड. त्या दिवसांत लग्नं लागत नाहीत, म्हणून ईस्टर झाला की एकदम रांग लागते. तेव्हा एवढे गाऊन शिवून होणार नाहीत म्हणून मापं उपवासातच घ्यायची, ही दुकानाची पद्धत. ग्रेसीबाय छातीला आणि कंबरेला एक बोट जास्त धरते, कारण सण झाला की सगळ्याच जरा भरतात. सिंथियाने उपवास कडक केला होता, वर फोटोत बारीक दिसायचं म्हणून चपातीही सोडली होती. मग ईस्टर झाला आणि मामा, मावश्या, आत्या तिला रोज जेवायला बोलवू लागले. आमच्याकडे केळवण म्हणतात तसंच. नवरीला ताटावर नको म्हणता येत नाही.

मी टेप लावली. धरलेलं एक बोट केव्हाच संपलं होतं. वर आणखी तीन बोटं हवी होती.

"माप घेतलं होतं की नाय नीट?" सिंथियाच्या आईने विचारलं.

"घेतलं होतं. तेव्हा पोरगी सुईएवढी होती," ग्रेसीबाय म्हणाली. "एवढं विंदालूचं मटण कोणी चारलं?"

"माझ्या भावाने. त्याला नको कसं म्हणायचं? ते जाऊ दे, मी भाड्याचा गाऊन घेऊन येते."

सिंथियाचे डोळे भरले. बाह्यांची क्रोशाची लेस तिने स्वतः विणलेली होती. "मम्मी, मी हाच घालणार. उद्या श्वास नाही घेतला तरी चालेल."

ग्रेसीबायने मला खूण केली. "सुनंदा, चेन ओढ आणि वर हुक मार. देवळातल्या मिस्सापुरता, तेवढ्या प्रार्थनेपुरता तर प्रश्न आहे. होईल ॲडजस्ट."

गिऱ्हाइकापुढे माझं तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी मी चादर खाली घातली आणि सिंथियाला म्हटलं, "गुडघ्यांवर बस."

"आता?"

"उद्या वेदीपुढे बसशील तशी."

ती बसली. कंबरेजवळची शिवण करकरली. चौघींनीही ऐकलं. उद्या फादर तिच्या पुढे असणार, आणि पाठ सगळ्या देवळाकडे.

शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. दोन्ही बाजूंची माया सोडवली तर एक बोट मिळत होतं. उरलेली दोन आणायची कुठून? कुशीत, काखेखाली पट्टी जोडली तर जोड दिसणार. मग मला नवरात्रातल्या चनिया-चोळ्या आठवल्या. मनवेलपाड्यात मी पुष्कळ शिवल्यात. पाठीला दोऱ्या असतात, त्यामुळे एकीची चोळी तिघी बहिणी घालतात.

"चेन काढूया," मी म्हटलं.

"वेडी झालीस काय? पाठ उघडी ठेवणार?" ग्रेसीबाय म्हणाली.

"दोरी घालू, मधे दोन बोटं मोकळी सुटतील. दोन्ही काठांना कापडाच्या बारीक कड्या, त्यांतून साटीनची दोरी, बुटाच्या नाडीसारखी. आतून पट्टी लावू, म्हणजे अंग दिसणार नाही. पट्टीचं कापड खालच्या घोळाच्या दुमडीतून निघेल."

एका दमात एवढं मी त्या दुकानात कधी बोलले नव्हते.

"देवळात दोऱ्यांचा गाऊन?" सिंथियाची आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नवरी श्वास घेते," सिंथिया म्हणाली.

ग्रेसीबायने हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं आणि स्वतः कड्या वळायला बसली. मी पाठ उसवली. देवळातली संध्याकाळची घंटा व्हायच्या आत गाऊन तयार होता. सिंथियाला पुन्हा चादरीवर बसवलं, उठवलं, परत बसवलं. शिवण गप्प.

लग्नाला मी मागच्या बाकाशी उभी होते. ती गुडघ्यांवर बसली तेव्हा फादर काय बोलले ते मला काही सांगता येणार नाही. मी दोरी बघत होते. वरपासून खालपर्यंत एकसारखी, कुठे ताण नाही. बाहेर आल्यावर दोघी-तिघी बायका सिंथियाच्या आईला विचारत होत्या, "पाठ कोणी केली गो?" तिने माझा हात धरून मला पुढे ओढलं. "ही बघा. विरारची सुनंदा." मी मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.

त्या हंगामात पुढच्या नवरी मुलींनीही पाठीला दोरी मागितली. ग्रेसीबाय सांगते, ही फॅशन आमच्याकडे पहिल्यापासून आहे. सांगू दे. कात्री आता तिने माझ्या हातात दिली आहे, गाऊन मीच कापते.

शिकले ते एवढंच. उपवासात माप घेतलं तर ईस्टरनंतरची केळवणं होईपर्यंत पाठ पक्की शिवायची नाही, नुसते कच्चे टाके घालून ठेवायची. आणि कोणी विचारलं, "ॲडजस्ट होईल ना?" तर मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. गळ्यातली टेप काढते आणि विचारते, "किती बोटं?"