हात उखळात, पाय ढेकीवर

भागीरथा विहिरीवर गेली तरी दोर पुरता खाली जाऊ देत नसे, अर्ध्यातच ओढायला लागे. आधी ती अशी नव्हती. लच्छूनं तिला अशी केली.

लच्छू तिच्या शेजारच्या बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, धनी. छप्पन्न साली धानाची रोपं लावून रोवणा झाल्यावर पावसानं दडी मारली, तेव्हा या बहाद्दरानं तिच्या बांधीची मातीची पाळ फोडून साचलेलं पाणी आपल्या धानात घेतलं. तिचं धान उभ्याउभ्या वाळलं. पोटासाठी तिचा नवरा पोचू आलापल्लीला सागवान तोडायला गेला, आणि ओंडक्याखाली पाय ठेचून परत आला. आता तो खाटेवर पडून, आणि ही दिवसभर अंगणात येरझारा घालते.

पंचायतीत कुणी म्हणालं, लच्छूला चांद्याच्या कोर्टात ओढा. गावचे म्हातारे नानाजी म्हणाले, "कोर्टानं पोचूचा पाय उगवन का? लच्छूचं धान बाईच्या घरी येईन. तिच्याच ढेकीवर दोघं मिळून कांडतीन. बोलाचं नाई, आपापला दम आयकाचा. नुकसान जिचं झालं तिचा पाय, ज्यानं केलं त्याचा हात."

ढेकी म्हणजे पायानं दाबायची लाकडी तुळई, दुसऱ्या टोकाला मुसळ. ढेकीवरच्या बाईनं पाय दाबला की मुसळ वर जातं, तेवढ्यात दुसऱ्यानं उखळात हात घालून धान परतायचं. पाय सुटला की हाताचा भुगा! उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं म्हणणाऱ्यानं उखळात कधी हात घातला नसावा.

"अन् तिनं ठेचला तं?" लच्छूच्या बायकोनं विचारलं.

"म्हणूनच तं दम आयकाचा," नानाजी म्हणाले.

कांडण सुरू झालं. दम घेत पाय दाबायचा, हात बाहेर आला की सोडायचा. शांती-बिंती काही आली नाही. उलट दर खेपेला भागीरथेच्या मनात येई, एकदाच पाय निसटू द्यावा, कोण म्हणेल मुद्दाम केलं? भीती तिला लच्छूची नव्हती, स्वतःच्या पायाची होती. ती दम धरी, हात बाहेर येई, आणि घरी तांदूळ शिजे.

एका दुपारी लच्छूनं हात आत घातला तो काढलाच नाही.

"हात काढ!" नेम मोडून ती ओरडली. मुसळ पडू नये म्हणून तिनं सगळा भार पायावर टाकला.

"पाड, बाई. एकदाचं पाड. मले झोप नाई लागत."

"तुले सुटका पायजे? माह्या पायानं? काढ म्हणते ना!"

त्यानं हात ओढला आणि मुसळ धाडकन कोसळलं. भागीरथा घामानं निथळत होती. संतापानं तिला रडू फुटलं. पदरानं तोंड पुसून ती उखळापाशी आली आणि तिनं आपला हात धानात घातला.

"माफ नाई केलं मी तुले. पण आता तू ढेकीवर चढ."

लच्छू मागं सरकला. "माह्यानं नाई होणार, बाई. पाय सुटला तं?"

"मले रोज तेच वाटते," ती म्हणाली. "चढ."