पट फिरवणारे काका

माझ्या बायकोचे चुलते आजवर बुद्धिबळाचा एकही डाव हरलेले नाहीत. ते एकही डाव जिंकलेले नाहीत, हेही तितकंच खरं आहे. या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं नव्हतं, आणि आता केस पिकायला लागले तरी नीटसं कळलेलं नाही. शहरात बुद्धिबळ खेळणारे पुष्कळ आहेत, काकांपेक्षा चांगले तर गल्लोगल्ली सापडतील. पण डाव कुठला, सोंगट्या कुणाच्या आणि जिंकलं कोण या तिन्ही बाबतींत इतका निर्मळ गोंधळ असलेला खेळाडू हर्सूलपासून पैठणच्या धरणापर्यंत दुसरा मिळायचा नाही. नवा जावई म्हणून मी त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा पानावरून उठता उठता त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "जावईबापू, प्यादं सरकवता येतं का?" मी भिडेखातर हो म्हणालो. माझ्या सगळ्या रविवारांचं त्या एका शब्दात वाटोळं झालं.

आमचा क्लब औरंगपुऱ्यात एका वाचनालयाच्या माडीवर भरतो. खाली म्हातारे वर्तमानपत्रं वाचतात, वर त्यांच्याहून म्हातारे बुद्धिबळ खेळतात. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जावं तसे डबा घेऊन क्लबात यायला लागले. त्यांनी क्लबाला एक रीत लावून दिली होती, तिला ते 'पट फिरवणं' म्हणत. डाव अर्ध्यावर आला, चहा आला, की चहा संपल्यावर दोघांनी बाजू बदलायची. पांढऱ्यावाल्यानं काळ्या घ्यायच्या, काळ्यावाल्यानं पांढऱ्या. खरा पट फिरवायला गेलं तर सोंगट्या पडायच्या, म्हणून पट तिथंच राहायचा आणि माणसं उठून फिरायची. यामागं काकांचं तत्त्व होतं. "समोरच्याच्या खुर्चीत बसल्याबिगर आपला डाव कसा हाय ते कळतच नाय बगा," असं ते म्हणत. चांगला चाललेला डाव सोडून मोडकळीला आलेला डाव घ्यायला लागला की मला रडू यायचं, आणि काकांना त्या मोडक्या डावाचा जो उमाळा यायचा तो बघण्यासारखा असायचा. दुखणाईताच्या उशाशी बसावं तसे ते त्या डावापाशी बसत. तासाभरात त्याला उठवून उभं करत, तेवढ्यात दुसरा चहा येई आणि पुन्हा खुर्च्या बदलत. अशानं डाव संपायचा कधी? अंधार पडला की सोंगट्या डब्यात जायच्या आणि दोघंही खुशीत घरी जायचे.

क्लबात हे सगळं खपून गेलं. पण आमच्या सेक्रेटरींना, म्हणजे बँकेतल्या एका अतिशय शिस्तीच्या गृहस्थांना, क्लबाचं नाव जिल्ह्याच्या लीगमध्ये घालायची हौस आली. लीग म्हटल्यावर घड्याळ आलं, पंच आले, चाली लिहिणं आलं. काकांना घड्याळाचा फार त्रास झाला. स्वतःची चाल केल्यावर बटण दाबायचं हे त्यांच्या कधी लक्षात राहायचं नाही, पण समोरचा दाबायचा विसरला तर ते त्याचंही दाबून टाकत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्याचा टाइम चालला व्हता की बिचाऱ्याचा!" चितेगावच्या कारखान्यातल्या कामगारांची टीम आमच्याकडे खेळायला आली, त्या दिवशी काका सकाळी सकाळी बस धरून चितेगावला गेले होते. तिथं त्यांना कुणीतरी जेवू घातलं, शेत दाखवलं आणि संध्याकाळी ते वांग्यांची पिशवी घेऊन परतले. सिडकोच्या टीमशी खेळताना तर त्यांनी कहर केला. समोरचा इंजिनिअर हात पुढं करून हार मानायला लागला, तर काकांनी त्याचा हात धरून खाली ठेवला. "आसं कामून करता? लई जीव हाय तुमच्या डावात. तो घोडा बगा की," म्हणाले. पंच धावत येईपर्यंत घोडा निघाला होता, आणि पुढं त्याच घोड्यानं काकांचा वजीर खाल्ला. सेक्रेटरी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

काकांच्या या सगळ्या प्रकारांना पुरून उरेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे चाचा. सिटी चौकाकडच्या गल्लीत चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. काकांच्या तरुणपणी एकदा सायकल पंक्चर झाली, ठिगळ वाळेपर्यंत दोघांनी पट मांडला, आणि तेव्हापासून ते एकमेकांसमोर बसत आले. पट फिरवायची रीतही मुळात त्या दुकानाच्या ओट्यावरचीच. पुढं चाचाही क्लबात येऊ लागले. दोघांचा अलिखित कायदा असा, की डाव चालू असताना घरचं, दारचं, दुखण्याखुपण्याचं काही बोलायचं नाही. कुणी बोलायला लागला तर काका तर्जनी वर करत. या लीगच्या दोनेक वर्षं आधी चाचा एकाएकी यायचे बंद झाले. काका दुकानाकडं गेले तर शटर ओढलेलं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, चाचा गल्ली सोडून मुलाकडं फुलंब्रीला राहायला गेले. पानवाल्याला माहीत, मशिदीत माहीत, दूधवाल्याला माहीत, आणि काकांना मात्र पत्ता नाही! काका घरी आले आणि न जेवता झोपले. फुलंब्री म्हणजे काही परमुलूख नव्हे, रोज माणसं तिथून इथं नोकरीला येतात. पण काकांनी हट्ट धरला. "मला न सांगता गेला ना? आता आदी त्यानं बोलावं," एवढंच ते म्हणत. लीगमध्ये ते इतके वेंधळ्यासारखे खेळत त्याचं खरं कारण हेच असावं असं मला वाटतं. समोर कोण बसलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणंच उरलं नव्हतं.

आणि लीगचा शेवटचा सामना नेमका फुलंब्रीशी आला. सेक्रेटरींचा जीव टांगणीला लागला होता, कारण हा सामना गेला तर पुढच्या वर्षी लीगमध्ये आम्हाला जागा नव्हती. काकांना लीगचं काही नव्हतं. फुलंब्रीच्या टीममधून चाचा खेळतात हे त्यांना कळलं होतं, आणि आठ दिवस ते घरात येरझाऱ्या घालत एकच प्रश्न विचारत होते, "बोलंल का हो तो?" सामना आमच्याच माडीवर होता. चाचा आले, जरा वाळल्यासारखे दिसले. दोघांनी पंचांसमोर हात मिळवला, तोही दोन परक्या वकिलांनी मिळवावा तसा, आणि बसले. चाचांकडं पांढऱ्या, काकांकडं काळ्या. बोलणं शून्य. मी माझा डाव रिवाजाप्रमाणे लवकर हरून काकांच्या मागं उभा राहिलो.

बाकीचे डाव संपून दोन्ही टीम बरोबरीत आल्या आणि सगळं काकांच्या डावावर आलं. चमत्कार म्हणजे काका जिंकत होते! मला कळत नव्हतं, पण सेक्रेटरींच्या तोंडावर तसं स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात लाइट गेली. पंचांनी, एका शाळेतल्या तरुण मास्तरांनी, घड्याळ थांबवलं आणि सगळ्यांना गच्चीवर चहाला काढलं. काका आणि चाचा कठड्याशी एकमेकांच्या शेजारी उभे राहून चहा प्याले. मी कान देऊन होतो. फुंकर मारण्याखेरीज दोघांच्या तोंडून काही निघालं नाही. लाइट आली, सगळे आत आले, घड्याळ पुन्हा चालू झालं, आणि पंच बाहेर फोनवर बोलायला गेले.

काही वेळानं मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. थंडीचे दिवस होते. काकांचा मफलर त्यांच्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेला होता, आणि आता तो मफलर चाचांच्या गळ्यात होता. म्हणजे चाचा काकांच्या खुर्चीत होते. म्हणजे काका चाचांच्या खुर्चीत. चहा संपला होता आणि दोघंही निमूट, सवयीनं, एकमेकांच्या खुर्च्यांत जाऊन बसले होते! मी सेक्रेटरींकडं पाहिलं. ते डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. सांगावं तर चुलत सासऱ्यांना भरसभेत टोकायचं कसं, आणि मुळात पांढऱ्या कुणाच्या होत्या हेच मला घटकाभर आठवेना. तोवर काकांचा मोडक्या डावाचा उमाळा दाटून आला होता. पांढऱ्या सोंगट्यांना त्यांनी एकेक करून उठवलं, हत्ती मोकळा केला, घोड्याला कानाकोपऱ्यातून ओढून आणलं. त्यांचे डोळे इतके चमकताना मी दोन वर्षांत पाहिले नव्हते. शेवटी त्यांनी वजीर उचलून टेकवला आणि म्हणाले, "मात."

टाळ्या वाजल्या, आणि मग हळूहळू थांबल्या. पंच आत आले, पटाकडं पाहिलं, माणसांकडं पाहिलं, पुन्हा पटाकडं पाहिलं. "पांढऱ्या कुणाच्या?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "फुलंब्रीच्या. फुलंब्री जितली." चाचा म्हणाले, "नक्को सर, मैं हार गया. मेरे कू इनोंने मात दी. फुलंब्री हार गई, लिख लो." पंचांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पण दोन्ही खेळाडू समोरचाच जिंकला म्हणून भांडत असतील तर काय करायचं हे त्यात नसावं. सेक्रेटरी खाली बसले.

या गोंधळात चाचा हळूच म्हणाले, "मैं रोज आता था तुम्हारे कू बोलने कू."

"काय बोलायला?"

"येइच, के जारा हूँ करके. पर बाजी के बीच में तुम बोलने देते क्या? और बाजी खतम कब होती थी? चाय आयी, पट फिरा. फिर चाय, फिर पट. महिनाभर आया मैं. मेरा मुँहच नै खुला."

काकांनी मात झालेला राजा पटावर आडवा केला आणि म्हणाले, "आज झाली का नाय खतम?"

"हौ. आज हुई."

"मंग बोल आता."

चाचांनी गळ्यातला मफलर सारखा केला, घसा साफ केला आणि दोन वर्षं मनात धरलेलं वाक्य सांगून टाकलं, "मैं फुलंब्री रहने कू जारा हूँ."

"जा," काका म्हणाले. "जा. पन रइवारी घरी ऱ्हात जा. मी येत जाईन."

पंचांनी कुणालातरी फोन करकरून शेवटी पांढऱ्या सोंगट्या ज्यांच्या नावावर होत्या त्यांना डाव दिला. फुलंब्री जिंकली, आमची लीगमधली जागा गेली. पट फिरवण्याची रीत सेक्रेटरींनी त्याच आठवड्यात बंद केली. आता आमच्या क्लबात प्रत्येक डाव संपतो, कुणीतरी जिंकतं, कुणीतरी हरतं, आणि सगळे वेळेवर घरी जातात. मीसुद्धा कधीकधी जिंकतो. पण तिथं मला करमत नाही, हे सांगायला मला कसलीही लाज वाटत नाही.

काका आता रविवारी फुलंब्रीला असतात. मी त्यांना स्कूटरवरून हर्सूलच्या थांब्यापर्यंत सोडतो. परवा बस आली, काकांनी डबा काखेत मारला, पायरीवर पाय ठेवला आणि एकदम मागं वळून विचारलं, "जावईबापू, त्या मॅचचा निकाल काय लागला व्हता हो शेवटी?"

"आपण हरलो, काका," मी म्हणालो.

"आपण म्हंजी कोण?" काकांनी अगदी मनापासून विचारलं. कंडक्टरनं घंटी मारली. काका खिडकीतून माझ्याकडं उत्तरासाठी बघत राहिले, आणि बस फुलंब्रीच्या रस्त्याला लागली. मी स्कूटर वळवून घरी आलो.